शिफारस ते कायदा : विधी आयोगाचे वर्षभराचे काम

जून २०२३ मध्ये भारताच्या विधी आयोगाने समान नागरी कायद्याविषयी नागरिकांची मते मागवणारी जाहीर सूचना काढली, तेव्हा सोलापुरात चहाच्या टपरीपासून जिल्हा न्यायालयाच्या आवारापर्यंत एकच प्रश्न ऐकू येत होता : नवा कायदा लागू झाला का? असा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. ‘आयोग’ म्हटले की निवडणूक आयोगासारखी आदेश देणारी किंवा मानवी हक्क आयोगासारखी तक्रार ऐकून घेणारी संस्था आपल्या डोळ्यांसमोर येते. विधी आयोग कोणाचा दावा चालवत नाही, कोणाची तक्रार नोंदवून घेत नाही, आणि त्याच्या सहीने कायद्यातला एक शब्दही बदलत नाही. देशात लागू असलेले कायदे वाचणे, त्यांचा लोकांच्या जगण्यावर प्रत्यक्ष काय परिणाम होतो ते तपासणे आणि कुठे काय बदलावे हे कारणांसह लिहून केंद्र सरकारच्या हाती देणे, हे त्याचे काम. कायदा करण्याचा अधिकार संसदेचा आणि राज्यांच्या विधिमंडळांचा आहे. तरीही या सल्लागार संस्थेच्या कामाकडे सामान्य माणसाने लक्ष ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण आपल्या घरातली वाटणी, मुलाचा ताबा, व्यापारातली थकबाकी अशा रोजच्या गोष्टींचे नियम बदलण्याची सुरुवात अनेकदा तिथे होते.

या कामाची परंपरा जुनी आहे. १८३३ च्या सनदी कायद्यानुसार १८३४ मध्ये मेकॉले यांच्या अध्यक्षतेखाली पहिला विधी आयोग नेमला गेला आणि त्याच्या मसुद्यातून पुढे १८६० ची भारतीय दंडसंहिता आली, जी १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू होईपर्यंत चालली. स्वातंत्र्यानंतरचा पहिला आयोग १९५५ मध्ये तत्कालीन महान्यायवादी एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली बसला. सत्तरच्या दशकात साताऱ्यात जन्मलेले माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी हे पद सांभाळले. आयोग साधारणपणे तीन वर्षांसाठी असतो, आणि तो कायद्याने स्थापन झालेला नसून केंद्र सरकारच्या आदेशाने दर वेळी नव्याने नेमला जातो. अध्यक्षपदी बहुधा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती किंवा उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती असतात. त्यांच्यासोबत पूर्णवेळ सदस्य, सदस्य-सचिव, काही अर्धवेळ सदस्य आणि विधी मंत्रालयाच्या दोन विभागांचे सचिव पदसिद्ध सदस्य म्हणून काम करतात.

आयोगाकडे विषय येतात ते मुख्यतः तीन वाटांनी. विधी मंत्रालय एखादा प्रश्न सोपवते. सर्वोच्च न्यायालय किंवा एखादे उच्च न्यायालय निकाल देताना ‘या तरतुदीचा विधी आयोगाने विचार करावा’ असे नमूद करते. किंवा आयोग स्वतःहून एखादा विषय हाती घेतो. त्यानंतरचे काम सावकाश चालते. आधी संशोधन होते : कायद्याचा इतिहास, त्यावरचे न्यायनिवाडे, आयोगाचे जुने अहवाल, इतर देशांतील तरतुदी. मग बऱ्याच विषयांवर एक विचारपत्र, कधी प्रश्नावलीसह, प्रसिद्ध केले जाते आणि वकील, न्यायाधीश, राज्य सरकारे, स्वयंसेवी संस्था व नागरिक यांच्याकडून उत्तरे मागवली जातात. आलेल्या उत्तरांचे वर्गीकरण होते, चर्चासभा होतात, मसुदा लिहिला जातो, सदस्यांच्या बैठकीत त्यावर वाद होतो, आणि एखाद्या सदस्याला बहुमत पटले नाही तर त्याचे भिन्नमत अहवालाला जोडले जाते. शेवटी अहवाल विधी मंत्र्यांना सादर होतो. अनेक अहवालांना आयोग दुरुस्ती विधेयकाचा मसुदाही जोडून देतो, म्हणजे सरकारला नुसता उपदेश न मिळता हाताशी तयार कलमे मिळतात.

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते, ते पाहण्यासाठी जुलै २०१४ ते ऑगस्ट २०१५ हा काळ मी मुद्दाम निवडतो. त्या वेळी विसाव्या विधी आयोगाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा. त्यांचा जन्म सोलापूरचा, पदवीपर्यंतचे शिक्षण सोलापूरचे आणि वकिलीची सुरुवातही सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातली. पुढे ते मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आणि मद्रास व दिल्ली उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायमूर्ती झाले. या साधारण चौदा महिन्यांत आयोगाने २४५ ते २६२ या क्रमांकांचे अठरा अहवाल दिले. त्यांतील विषयांची यादी पाहिली तरी आयोगाच्या कामाचा पसारा लक्षात येतो : न्यायालयांतील थकीत खटले, लवाद, कालबाह्य कायदे, वारसाहक्क, पत्नीची पोटगी, व्यापारी न्यायालये, लाचलुचपत, निवडणूक सुधारणा, कुष्ठरोग, मुलांचे पालकत्व, बालसंगोपन, पाळीव प्राण्यांची दुकाने, आणि शेवटी फाशीची शिक्षा.

पहिला, म्हणजे २४५ वा अहवाल थकीत खटल्यांवर होता. न्यायाधीश किती हवेत, हा प्रश्न तोवर लोकसंख्येच्या हिशेबाने सोडवला जाई. १९८७ च्या १२० व्या अहवालाने दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश असावेत असे म्हटले होते. २४५ व्या अहवालाने ही मोजणी बदलली. एक न्यायाधीश वर्षभरात किती खटले निकाली काढतो आणि दरवर्षी किती नवे दाखल होतात, या दोन आकड्यांवरून गरज ठरवावी, असे त्याने सुचवले, आणि वाहतूक व पोलीस चलनांच्या खटल्यांसाठी वेगळी न्यायालये असावीत अशीही शिफारस केली. तारखेमागून तारीख घेणाऱ्या पक्षकाराला हा तपशील रुक्ष वाटेल, पण त्याची तारीख कधी लागणार हे अशाच हिशेबांवर अवलंबून असते.

लवादावरचा २४६ वा अहवाल सोलापूरच्या चादर-टॉवेल व्यापाऱ्यांच्या थेट उपयोगाचा होता. परगावच्या व्यापाऱ्याशी केलेल्या करारात वाद लवादाकडे, म्हणजे न्यायालयाबाहेर नेमलेल्या त्रयस्थाकडे, नेण्याचे कलम बहुधा असतेच. पण लवादाचा निवाडा आपल्या बाजूने लागल्यावरही विरुद्ध पक्षाने न्यायालयात त्याविरुद्ध अर्ज केला की निवाड्याची अंमलबजावणी आपोआप थांबत असे आणि पैसे वर्षानुवर्षे अडकून पडत. ही आपोआप मिळणारी स्थगिती काढून टाकावी, स्थगिती हवी असेल तर न्यायालयाकडे ती वेगळी मागावी लागावी, असे आयोगाने सुचवले. २०१५ च्या दुरुस्तीने ते मान्य झाले. त्याच वेळी २५३ व्या अहवालातून आलेला व्यापारी न्यायालयांचा कायदाही झाला. २०१८ मध्ये त्याखाली येण्यासाठी लागणारी दाव्याची किमान रक्कम एक कोटी रुपयांवरून तीन लाखांवर आल्याने मध्यम व्यापाऱ्यांचे दावेही त्याखाली येऊ लागले.

कालबाह्य कायद्यांवर आयोगाने लागोपाठ चार अंतरिम अहवाल दिले. पहिल्यात ७२ आणि दुसऱ्यात ११३ कायदे रद्द करण्याजोगे दाखवले होते. त्यांत १८६७ चा गंगेवरील नावांच्या पथकराचा कायदा होता, ज्यात कराची कमाल रक्कम आण्यांत लिहिलेली होती. असे कायदे वाचून हसू येते. पण मेलेला कायदा पुस्तकात पडून राहिला तर बिघडते कुठे, असे कोणी विचारले तर सोलापूरकराने ‘सेटलमेंट’ या आपल्याच शहरातल्या वस्तीची आठवण करून द्यावी. १८७१ मध्ये आलेल्या आणि पुढे १९२४ मध्ये नव्याने केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, आणि त्या कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे ठेवली जात, हजेरी घेतली जाई. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही तो कायदा लगेच गेला नाही. १९४९ मध्ये नेमलेल्या अय्यंगार समितीने तो रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. ती शिफारस विधी आयोगाची नव्हती, कारण तेव्हा आयोगच नव्हता. पण कायदा वेळेवर रद्द न होण्याची किंमत माणसे मोजतात, हे त्या वस्तीतल्या जुन्या कुटुंबांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही, आणि दरवर्षी जुने कायदे चाळून काढण्याचे काम मला म्हणूनच महत्त्वाचे वाटते.

एप्रिल २०१५ चा २५६ वा अहवाल कुष्ठरोगाने बाधित माणसांविषयी होता, आणि शिफारस कायद्यापर्यंत कशी पोहोचते ते या अहवालात सर्वांत स्पष्ट दिसते. १९८० च्या दशकापासून बहुऔषध उपचारांनी हा रोग पूर्ण बरा होतो, आणि डिसेंबर २००५ मध्ये तो राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांत एकापेक्षा कमी प्रमाणात आल्याचे जाहीर झाले. कायद्याच्या पुस्तकांत मात्र तो असाध्यच राहिला होता. हिंदू विवाह कायदा, विशेष विवाह कायदा, मुस्लीम विवाहविच्छेद कायदा, ख्रिस्ती विवाहांना लागू असलेला १८६९ चा घटस्फोट कायदा या सर्वांत जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण होते; १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातही त्याचा उल्लेख होता. औषधाने बऱ्या झालेल्या बाईला कायदा ‘आजारी’ ठरवून घराबाहेर काढण्याची मुभा देत होता, हे लिहितानाही मन अस्वस्थ होते. आयोगाने हे कारण वगळण्याची शिफारस केली आणि नोकरी, शिक्षण, प्रवास यांतला भेदभाव थांबवणाऱ्या व्यापक कायद्याचा मसुदाही जोडला. १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये संसदेने वरच्या पाचही कायद्यांतून कुष्ठरोग वगळला. अहवालापासून कायद्यापर्यंत जवळपास चार वर्षे गेली, आणि तरीही ही गती आयोगाच्या अनुभवात बरी म्हणावी अशीच आहे.

याच्या उलट टोकाला मे २०१५ चा पालकत्वावरचा २५७ वा अहवाल आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाचा नैसर्गिक पालक ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असतो. सोलापुरात विड्या वळून संसार चालवणाऱ्या कितीतरी आया मुलांची शाळा, दवाखाना, बँकेतले खाते सगळे एकट्या सांभाळतात. कायदा मात्र त्यांना दुसरे स्थान देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘नंतर’ याचा अर्थ ‘वडिलांच्या अनुपस्थितीत’ असा घेऊन थोडी वाट काढली, परंतु मूळ शब्द तसेच राहिले. आई आणि वडील यांना पालक म्हणून समान दर्जा द्यावा, मुलाचे हित सर्वांत वर ठेवावे आणि दोघांकडे संयुक्त ताबा देण्याची सोय कायद्यात असावी, असे २५७ व्या अहवालाने म्हटले. आईला समान दर्जा देण्याची गोष्ट १९८९ च्या १३३ व्या अहवालानेही सांगितली होती. एवढ्या साध्या दुरुस्तीसाठी आयोगाला एकच गोष्ट पाव शतकाच्या अंतराने दोनदा सांगावी लागावी आणि तरीही कलम जागचे हलू नये, याचे समर्थन करता येईल असे एकही कारण मला आजवर सापडलेले नाही.

आयोगाच्या मुदतीच्या अखेरच्या दिवशी, ३१ ऑगस्ट २०१५ रोजी, २६२ वा अहवाल सादर झाला. महाराष्ट्रातून आलेल्या दोन अपिलांत, २००९ आणि २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षेचा अभ्यास विधी आयोगाने करावा असे म्हटले होते. आयोगाने मे २०१४ मध्ये प्रश्नावलीसह विचारपत्र काढले, उत्तरे तपासली, जुलै २०१५ मध्ये दिल्लीत चर्चासभा घेतली. १९६७ च्या ३५ व्या अहवालाने, देशाची परिस्थिती पाहता फाशी रद्द करण्याचा प्रयोग करणे योग्य नाही, असे मत दिले होते. २६२ व्या अहवालाने दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणे यांच्याशी संबंधित गुन्हे वगळता इतर सर्व गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करावी असे सुचवले. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ या कसोटीनेही कोणाला फाशी आणि कोणाला जन्मठेप हे न्यायाधीशागणिक बदलते, आणि चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही, हा त्याचा गाभा होता. नऊपैकी तिघांनी, म्हणजे एक पूर्णवेळ सदस्य आणि दोन पदसिद्ध सचिवांनी, या शिफारशीला असहमती दर्शवली, आणि सरकारने ती स्वीकारली नाही. सोलापूरकरांना हा विषय पुस्तकी वाटू शकत नाही. मे १९३० मध्ये शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. त्या खटल्याचा आणि आजच्या गुन्ह्यांचा संदर्भ वेगळा आहे, हे मान्य. पण राज्यसंस्थेने घेतलेला जीव परत देता येत नाही, हे ज्या शहराला ठाऊक आहे तिथे हा अहवाल वाचला गेला पाहिजे, मग वाचणाऱ्याचे मत बहुमताकडे जावो की भिन्नमताकडे.

अहवाल सादर झाल्यावर तो संसदेपुढे ठेवला जातो आणि संबंधित मंत्रालयाकडे जातो. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघांनाही कायदा करता येईल असा, असेल तर राज्यांचे मत घेतले जाते. मंत्रालयाला पटले तर विधेयक, मंत्रिमंडळाची मान्यता, संसदेची समिती, दोन्ही सभागृहे, राष्ट्रपतींची संमती, आणि अंमलबजावणीची तारीख अशी पुढची वाट असते. या वाटेवर अहवाल कुठेही थांबू शकतो. प्रलंबित अहवालांची स्थिती सांगणारे विवरणपत्र विधी मंत्रालय दरवर्षी संसदेत ठेवते, मात्र अमुक मुदतीत उत्तर दिलेच पाहिजे असे बंधन सरकारवर नाही.

मुलींच्या वारसाहक्काची हकिकत सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होणार नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून, कायदा लागू होईपर्यंत लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला. आयोगाने २००० च्या १७४ व्या अहवालात अशा राज्यांचा अनुभव तपासून देशभरासाठी दुरुस्ती सुचवली, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः वाटा असलेली, झाली. त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. आज बार्शी, मोहोळ किंवा अक्कलकोटच्या वाटणीच्या दाव्यात ही तारीख निघाल्याशिवाय राहत नाही, आणि बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याआधी भावाला विचार करावा लागतो. कायदा बदलल्याने नाती आपोआप सुधारत नाहीत, तरी सही मागणाऱ्याला आणि सही करणारीला आपण काय सोडतो आहोत हे आता कळते.

आयोगाच्या रचनेत माझ्या मते एक मोठी उणीव आहे : त्याला स्वतःचा कायदा नाही. इंग्लंड आणि वेल्सचा विधी आयोग १९६५ च्या कायद्याने स्थापन झाला आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर तिथल्या मंत्र्याला, कोणत्या शिफारशी अमलात आल्या आणि कोणत्या का आल्या नाहीत, याचा अहवाल दरवर्षी संसदेला द्यावा लागतो. आपल्याकडे एकविसाव्या आयोगाची मुदत ऑगस्ट २०१८ मध्ये संपली, बाविसाव्याची अधिसूचना फेब्रुवारी २०२० मध्ये निघाली आणि त्याला अध्यक्ष मिळाले नोव्हेंबर २०२२ मध्ये. चार वर्षांहून अधिक काळ आयोग अध्यक्षाविना राहिला, म्हणजे तेवढा काळ एकही अहवाल निघू शकला नाही. कायमस्वरूपी आयोग असता तर जुन्या शिफारशींचा पाठपुरावाही कोणाची तरी जबाबदारी ठरली असती.

सध्याचा तेविसावा आयोग १ सप्टेंबर २०२४ पासून तीन वर्षांसाठी आहे. आयोगाचे अहवाल आणि विचारपत्रे त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ती मुख्यतः इंग्रजीत असल्याने इथल्या वकिलांनी आणि विधी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी त्यांचे मराठी सारांश लोकांपर्यंत पोहोचवावेत, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. मत कळवताना ‘विरोध आहे’ किंवा ‘पाठिंबा आहे’ एवढेच लिहिले तर ते फक्त मोजणीत जमा होते. कोणत्या कायद्याचे कोणते कलम, त्यामुळे प्रत्यक्षात काय अडले आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत, या तीन गोष्टी लिहिल्या तर तेच पत्र संशोधकाच्या हातात पुरावा होते. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, लहान व्यापारी, भाडेकरू यांच्यापाशी असा पुरावा भरपूर आहे. २०२३ च्या सूचनेला सुरुवातीला तीस दिवसांची मुदत होती आणि ती नंतर २८ जुलैपर्यंत वाढवली गेली. पण मुदत वाढेलच असे गृहीत न धरता, आपल्या कामाशी संबंधित सूचना निघाल्याचे समजताच पहिल्या आठवड्यातच कागदपत्रे आणि अनुभव जमवायला बसावे.